मुदतीपूर्वी बिऱ्हाड मोडताना

बिऱ्हाड मांडणे कठीण, की मुदतीपूर्वी मोडणे कठीण, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत काळाबरोबर पालटत आले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने दरमहाच्या भाडेकरूस व मालकास एकच माप लाविले: १५ दिवसांची नोटीस द्यावी व मोकळे व्हावे. पुढे १९१८ च्या युद्धकालीन निर्बंधांनी व १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले. मग भाडेकरूही सुखासुखी जागा सोडीना. कारण सोडलेली खोली त्या भाड्यात पुन्हा मिळणे नाही. रिकाम्या खोलीवर पागडी चढली. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरविली. १९९९ च्या कायद्याने तिलाच मान्यता दिली.

भाडेकरू कायमचा बसेल, या भयाने मालक 'लीव्ह अँड लायसन्स'कडे वळले. दिंडोशीच्या नव्या इमारतींत आज अनेक बिऱ्हाडे अशाच करारावर राहतात. अमुक महिने जागा सोडू नये, असे कलम त्यांत पुष्कळदा असते. नोकरी बदलली, घरी आजारपण आले, म्हणजे ते जाचते. तथापि १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारातील दंडाची रक्कम ही केवळ कमाल मर्यादा होय; भरपाई वाजवीच मिळावयाची. नवा बिऱ्हाडकरू लगेच मिळाला असता उरलेल्या साऱ्या महिन्यांचे भाडे मागणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. जुन्या भाडेकरूस राहण्याचा हक्क कायद्याने दिला. आजच्यास निघण्याचा हक्क सहीपूर्वी स्वतःच लिहून घ्यावा लागतो.