अद्भुताची वाट आणि घराचा उंबरठा

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना 'मंजुघोषा'ला आम्ही आजवर दोन ओळींत निकालात काढत आलो: अद्भुतरम्य, रंजनपर, वास्तवापासून दूर. या सुट्टीत ती आणि तिच्या आगेमागे आलेल्या कादंबऱ्या सलग वाचल्या, तेव्हा हा निकाल घाईचा होता असे वाटू लागले.

याला कारण नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ ची प्रस्तावना. आपल्याकडील विवाहाच्या रीतीमुळे व इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मन वेधणारे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत. नित्याचे अनुभव लिहावेत तर त्यांत रस नाही. म्हणून अद्भुताकडे वळणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे अद्भुत म्हणजे निव्वळ पलायन नव्हे. बालविवाहाच्या समाजात प्रेमकथेला जागा नसल्याची ती कबुली आहे, असे आम्हांस वाटते.

तरीही ती पुरती पटत नाही. अकरा वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटना'त विधवांची दुःखे मांडली होती. ती कादंबरी प्रचारकी आहे, हे मान्य. परंतु पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतःच सांगू दिली. विवाहाची रीत तीच होती. उणीव विषयाची नव्हती. कोणाचे आयुष्य कथेला योग्य मानायचे, हा खरा प्रश्न होता.

यापुढे वर्गात 'मंजुघोषा' प्रस्तावनेसह वाचावी आणि तिच्याशेजारी यमूला बसवावे, असे आम्ही ठरवले आहे.