कृत्रिम सागरी मीठ
प्रवाळांच्या मत्स्यालयासाठी समुद्रासारखे पाणी तयार करण्याचे क्षारमिश्रण. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; लिटरमागे कॅल्शियम सुमारे ४२० व मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असते. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, म्हणून मिश्रण निवडताना कॅल्शियम, मॅग्नेशियम व अल्कता (मुख्यतः विरघळलेले बायकार्बोनेट व कार्बोनेट) या तिन्हींचे प्रमाण पाहावे. टाकीत राखलेल्या अल्कतेशी मिश्रणाची अल्कता जुळणे सर्वांत महत्त्वाचे. अन्यथा मोठ्या पाणीबदलात ती एकाएकी बदलून प्रवाळांना अपाय होतो. खाण्याचे मीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असल्याने चालत नाही. मिश्रण शुद्ध पाण्यात थोडेथोडे, ढवळत घालावे. मिठावर पाणी ओतल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तळाशी बसू शकतो.