झोप, कर्ज आणि अतिनाट्य : ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’मधील सांधा

राउल वॉल्श दिग्दर्शित ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०) हा चित्रपट ए. आय. बेझेरिडीस यांच्या ‘लाँग हॉल’ (१९३८) या कादंबरीवर आधारलेला मानला जातो. हे अर्धेच खरे आहे. पूर्वार्ध कादंबरीतून आला. उत्तरार्धातील खुनाचे कथानक मात्र वॉर्नर ब्रदर्सच्याच ‘बॉर्डरटाउन’ (१९३५) या चित्रपटातून उचलले गेले. या जोडकामाकडे केवळ स्टुडिओची काटकसर म्हणून पाहिल्यास त्यामागील विचारप्रणालीचा प्रश्न नजरेआड होतो.

पूर्वार्धात जो व पॉल फॅब्रिनी हे भाऊ कॅलिफोर्नियात स्वतःचा ट्रक चालवतात. ‘स्वतःचा’ हा शब्द फसवा आहे. हप्ते थकलेले आहेत आणि वसुलीवाला मागावर आहे. येथील खरे संकट झोपेचे आहे आणि झोप हिरावून घेणारे कर्ज आहे. अमेरिकेतील १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने आंतरराज्य वाहतुकीतील चालकांच्या कामाचे तास ठरवण्याचा अधिकार केंद्रीय आयोगाला दिला होता. परंतु तासांवरील मर्यादा हप्त्यांना लागू होत नाही. ट्रकचे कर्ज फिटते न फिटते तोच पॉलला गाडी चालवताना डुलकी लागते. ट्रक नष्ट होतो आणि पॉल उजवा हात गमावतो.

येथे सांधा बदलतो. जो एका वाहतूक कंपनीत नोकरीला लागतो. त्याच्यावर आसक्त झालेली मालकाची पत्नी लाना नवऱ्याला गॅरेजमध्ये मोटारीच्या विषारी धुराने मारते आणि आळ जोवर घेते. पूर्वार्धात अरिष्टाचे कारण आर्थिक संबंधांत होते. उत्तरार्धात ते एका स्त्रीच्या विकृत मनात सापडते. न्यायालयात लानाचा मानसिक तोल ढळतो, जो निर्दोष सुटतो आणि अखेर कंपनीचा कारभारी होतो. कर्जाच्या प्रश्नाला उत्तर न मिळताच खटला निकाली निघतो. पॉलचे एका हाताचे शरीर तेवढे त्या अनुत्तरित प्रश्नाची खूण म्हणून पडद्यावर उरते.

‘थीव्ह्ज हायवे’शी (१९४९) तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. ज्यूल्स डॅसिन दिग्दर्शित या चित्रपटाची पटकथा बेझेरिडीस यांनी आपल्याच कादंबरीवरून लिहिली. त्यातही खलनायक व्यक्तिरूपच आहे. पण तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फळबाजारातील दलाल आहे. अतिनाट्य तेथेही टळत नाही, मात्र त्याचा रोख भावावर आणि मालावर राहतो. त्यामुळे श्रमाचे वास्तव झाकण्याचा दोष अतिनाट्य या रूपबंधावर सरसकट ठेवता येत नाही. त्यात अपराधी म्हणून कोणाला उभे केले जाते, हे तपासावे लागते.