लाटांवरचे कान

नंदाखालजवळच्या अर्नाळ्याचा जलदुर्ग आपल्या परिचयाचा आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो उभारला. या किल्ल्याचे नाव घेतलेली ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या हुडकणे हे तिचे काम. योगायोग असा की, त्याच बंदराबाहेर समुद्राच्या तळाशी पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १९७१ पासून पडून आहे.

गाझीची हकिगत तोफांपेक्षा कानांची अधिक आहे. १९७१ च्या नोव्हेंबरात ती कराचीहून निघाली. तिचे लक्ष्य होते आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’. इतक्या दूर बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन लढण्याची क्षमता पाकिस्तानच्या पाणबुड्यांपैकी तिच्यातच होती. पाण्याखाली दडलेली पाणबुडी मौन पाळू शकते. पण तिच्यासाठी तेलपाण्याची सोय करणाऱ्यांना बोलावेच लागते. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांकडे एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी करणारा पाकिस्तानी संदेश आपल्या हाती आला. ते तेल पाणबुड्या आणि सुरुंग काढणाऱ्या नौकाच वापरत. एवढ्यावरून गाझी पूर्वेकडे येत असल्याचे त्यांनी ताडले.

मग शत्रूच्या कानांना खोटे ऐकवण्याचा डाव सुरू झाला. विक्रांत खरे तर अंदमानकडे सुरक्षित जागी पाठवली होती. तिच्या एका बाष्पकात दोष असल्याने तिचा वेगही मर्यादित होता. विशाखापट्टणमला मात्र जुनी विनाशिका ‘राजपूत’ विक्रांतचे सोंग घेऊन वावरत होती. बिनतारी यंत्रावरून संदेशांची रेलचेल सुरू ठेवली गेली. आजारी आईची विचारपूस करणारी एका खलाशाची खासगी तारही उघड भाषेत पाठवण्यात आली. ती विक्रांतवरून आलेली वाटावी, हा हेतू. गाझी फसली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदराबाहेर प्रचंड स्फोट झाला आणि तिच्यावरचे ९३ जण बुडाले.

स्फोट कशाने झाला? आपली बाजू म्हणते, राजपूतने टाकलेल्या पाणसुरुंगांनी. पाकिस्तानची बाजू म्हणते, पाणबुडीतल्याच स्फोटाने किंवा तिने स्वतः पेरलेल्या सुरुंगाने. हा वाद मूळ कागदपत्रांवरून सुटायला हवा होता. पण गाझीसंबंधीची नौदलाची कागदपत्रे १९८० मध्ये नष्ट करण्यात आल्याचे वृत्त २०१० साली प्रसिद्ध झाले. विजयाची नोंदच हरवली, तर विजयाबद्दलची शंका कशी मिटवायची?

अशा वेळी इतिहास उरतो तो माणसांच्या आठवणीत. कृष्णन यांनी पुस्तक लिहिले. त्या वेळी नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक असलेले मिहिर रॉय यांचे पुस्तक १९९५ मध्ये आले. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी युद्धाच्या वेळी पश्चिम ताफ्यात मोहिमांचे नियोजन करीत. निवृत्तीनंतर त्यांनी नौदलाचा इतिहास लिहिला आणि त्यात सहकाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत छापल्या.

या आठवणींतून अपयशही कळते. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने मौन सोडून मुख्यालयाला संदेश पाठवला. तो कुठून आला हे आपल्या केंद्रांनी दिशाशोधक यंत्रांनी टिपले आणि मुंबईहून ‘खुकरी’ व ‘किरपाण’ तिच्या शोधात निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री हंगोरने दीवजवळ खुकरीच बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. शत्रू कुठे आहे हे ऐकू येणे आणि त्याला गाठणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर खुकरीच्या जवानांनी प्राणांनी मोजले.

ब्रिटनमध्येही मौन दीर्घकाळ टिकले. जर्मन पाणबुड्यांचे संदेश ब्लेचली पार्कमध्ये उलगडले जात, हे जगाला १९७४ नंतर कळले. १९९१ मध्ये तिथल्या वृद्ध कर्मचाऱ्यांचा निरोपसमारंभ झाला आणि त्यातूनच ती इमारत वाचवण्याची चळवळ उभी राहिली. आज ते संग्रहालय आहे. आपल्याकडे विक्रांतही २००१ पासून काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. लोखंड गेले, आता आठवणी तरी वाचवल्या पाहिजेत.

१९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला बिनतारी यंत्रचालक आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. गोपनीयतेची शपथ त्याने पाळली, हे त्याचे मोठेपण. पण कोणत्या नौकेवर होतो, पहारा किती तासांचा असे, कानाला लावलेल्या यंत्रात रात्रभर काय काय ऐकू येई, हे सांगण्यात कुणाची शपथ मोडत नाही. आपल्या शेजारी असे कुणी आजोबा असतील, तर एक वही घेऊन त्यांच्याकडे बसा. जन्मभर दुसऱ्यांचे ऐकून घेतलेल्या माणसाचे कुणीतरी ऐकायला हवे.