फोटो हललाय...

दत्तजयंतीच्या सुमारास नृसिंहवाडीला गेलात, की कुठे ना कुठे गाणं कानावर पडतंच. पालखीची पदं, भजन, कीर्तन... आणि गवयाने सूर लावला रे लावला, की समोर दहा-वीस मोबाईल वर होतात. आमच्याकडची वडीलधारी मंडळी यावर जाम वैतागतात. "गाणं ऐकायला आलात की फोटो काढायला?" प्रश्न रास्तच आहे. पण तो मोबाईलवाला तिथे पुढे येऊन बसला कसा, हीसुद्धा एक गोष्टच आहे.

वाडीहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड. १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर इथे जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्याच उत्सवात शोभेच्या दारूने त्यांचा चेहरा भाजला, दृष्टी अधू झाली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. १८९६ मध्ये मिरज सोडल्यावर त्यांनी सौराष्ट्रात चक्क तिकीट लावून जाहीर मैफल केली. तोवर मोठा गवई ऐकायचा तर बहुधा दरबारात नाहीतर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, तेही बोलावणं असेल तर! आता तिकिटापुरते पैसे असलेला कोणीही समोर बसू शकत होता. पुढे ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं आणि गाणं शिकणंही सामान्य घरांच्या आवाक्यात आलं. आजचा मोबाईलवाला श्रोता त्याच मैफलीचा वारस आहे, असं मला वाटतं.

आता त्या काळातल्या गवयांचे फोटो आठवून बघा. पगडी नीट बसवलेली, तंबोरा हातात, नजर कॅमेऱ्याकडे, आणि तोंड मिटलेलं! फोटो स्टुडिओत काढायचा, हलायचं नाही. गवई दिसतो, गाणं दिसत नाही. अल्लादियाखाँसाहेब (१८५५-१९४६) कितीतरी वर्षं आपल्या कोल्हापुरात होते. भारतात १९०२ मध्ये गाण्याच्या तबकड्या निघू लागल्या, तरी त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. चेहरा ओळखीचा, आवाज मात्र गेला तो गेलाच.

मोबाईलचं नेमकं उलटं. त्याचं भिंग इवलंसं, मंडपातला उजेड बेताचा, म्हणून फोटो उमटायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तान निघते आणि गवयाचा हात फोटोत धुरासारखा पसरतो. झूम केलं तर चेहऱ्याचा रवा होतो. फ्लॅशने तर पुढच्यांची टकलंच उजळतात!

असाच एक फोटो मी वाडीहून घरच्या ग्रुपवर टाकला होता. मावशीने लगेच लिहिलं, "हललाय." आजीला आता घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तान घेतोय होय!" जुन्या फोटोंत जे कधी दिसलं नाही, ते तिला त्या हललेल्या हातात दिसलं.

म्हणून 'मोबाईल बंदच ठेवा' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरी कोणीतरी वाट बघत असतं. पण एक फोटो पुरे. मग तो खिशात जावा. पलुस्करांच्या त्या तिकिटाने मागे बसणाऱ्यालाही गाण्याचा तेवढाच हक्क दिला होता. वाडीत तर तिकीटही नाही...