आकाराने फसवलेली भूमी: ओपन-वर्ल्ड गेम जिवंत कशामुळे वाटतो?

१/
सप्टेंबर १९८४. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांचा ‘एलिट’ हा अंतराळव्यापाराचा गेम बीबीसी मायक्रो संगणकासाठी प्रसिद्ध झाला. संगणकाची मेमरी अवघी ३२ किलोबाइट. सकाळी मोबाइलवर येणारे शुभेच्छाचित्रही याहून जड असते. तेवढ्या जागेत ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला सामावल्या होत्या.

२/
त्या साठवलेल्या नव्हत्याच. एका गणिती सूत्रातून त्या दर वेळी नव्याने, पण तंतोतंत तशाच उभ्या राहत. त्या सूत्रातून २८१ लाख कोटींहून अधिक आकाशगंगा निघू शकत होत्या. प्रकाशक ॲकॉर्नसॉफ्टने मात्र आग्रहाने तो आकडा ८ वर आणवला. एवढ्या पसाऱ्यात भटकणाऱ्याला सारे एकाच साच्यातून निघाले आहे, हे उमगल्यावाचून राहिले नसते. या प्रकाराच्या बाल्यावस्थेत इतका शहाणा निर्णय क्वचितच कोणी घेतला असेल.

३/
पुढे हे भान सुटले. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये गावे, शहरे आणि तळघरे मिळून सुमारे १५ हजार ठिकाणे होती. एक गाव पाहिले की पुढची शंभर पाहिल्यासारखीच. त्याच बेथेस्डा कंपनीने २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये भूमी कितीतरी लहान केली, पण हाताने घडवली. तेथे मुक्कामाची जागा दाखवणारा बाण नव्हता. गावकरी तोंडी खाणाखुणा सांगत आणि वाट चुकली तर ती खेळाडूचीच चूक असे.

४/
जपानमध्ये याचे उत्तर १९८६ सालीच मिळाले होते. शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. आसपासच्या डोंगरांत भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन ते आत उतरले. हा प्रसंग त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितला आहे. त्या थराराचे रूपांतर म्हणजे ‘द लेजंड ऑफ झेल्डा’.

५/
या गेमची भूमी फक्त १२८ पडद्यांची. आरंभी नायकाच्या हाती तलवारही नाही. समोर गुहेचे काळे तोंड दिसते, पण आत जा असे कोणी बजावत नाही. झुडूप जाळावे तर खाली जिना निघतो, कडा फोडावा तर मागे खोली. शिवाय पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमुळे प्रगती जतन होई, म्हणून ही मुशाफिरी अनेक दिवस चालू शकली.

६/
नंतर याच मालिकेत बोट धरून नेणारे सोबती आले. १९९८ च्या ‘ओकॅरिना ऑफ टाइम’मधली परी नावी सूचना देई, २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधील फी तर उघड असलेलेही समजावून सांगे. खेळाडूने शोधावे असे काही उरतच नव्हते.

७/
म्हणून मार्च २०१७ मध्ये आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’साठी निर्माते मागे वळले. १९८६ च्या गेमसारखा दिसणारा एक सपाट नमुना करून त्यांनी त्यात नवे नियम तपासले. आग गवताला लागते, तापलेली हवा वर चढते आणि वादळात अंगावरचे धातूचे शस्त्र वीज ओढून घेते. एकदा नियम ठरले की त्यांतून घडणारे प्रसंग कोणाला लिहावे लागत नाहीत.

८/
भूरचनेतही एक युक्ती होती: त्रिकोण. टेकडी दिसली की ती चढावी की वळसा घालावा, हे खेळाडू ठरवतो; कसेही गेले तरी तिच्याआडचे काहीतरी हळूहळू दृष्टीस पडते. अंतरांचा अंदाज यावा म्हणून दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी क्योतोचा नकाशा वापरला. पायाखालच्या शहरातील कोणत्या ठिकाणाहून कोठे जायला किती वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

९/
या भूमीत कोरोक नावाचे ९०० वनवासी जीव लपले आहेत. सर्व शोधणाऱ्याला मिळते विष्ठेच्या आकाराची सोन्याची एक वस्तू. तिचा उपयोग एका पात्राला हवे तेव्हा नाचवण्यापुरता. तरीही ९०० शोधणारे निघालेच.