मोठा पैलवान, मोठा वस्ताद?

आजचा एपिसोड एका फोनमुळे झालाय. गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. तिचा धाकटा आठवीत आहे आणि त्याला पैलवान व्हायचंय. घरात दोन पार्ट्या पडल्यात. काकांचं म्हणणं, ज्यानं स्वतः मोठमोठी मैदानं मारलीत त्याच्याच हाताखाली पोरगं घालायचं. मावशीला दुसराच एक कोच पटलाय. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पण त्याची पोरं जिंकतात. "तू एवढा इतिहास वाचतोस, तूच सांग," म्हणाली. मी सांगतो म्हणालो आणि अडकलो.

कोल्हापुरात हा प्रश्न साधा नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं, तेव्हापासून इथं पैलवानाला देवाखालोखाल मान आहे. मोठा पैलवान चांगला शिकवेल का, अशी शंका घेणंसुद्धा आगाऊपणा वाटतो. तरीपण आज घेऊया.

आधी एक प्रयोग करा. तुमच्या मोबाइलचा पॅटर्न लॉक मित्राला तोंडी सांगा, मोबाइल हातात न घेता. बघा, बोट आपोआप हवेत फिरायला लागेल. जी गोष्ट तुम्ही दिवसातून शंभर वेळा करता, ती सांगताना तुम्ही अडखळता. हाताला येतं ते तोंडाला येतंच असं नाही. पैलवानाचंही तेच. जिंकल्यावर विचारलं, कसं केलंत? तर उत्तर येतं, "डाव बसला." जणू डाव स्वतःहून चालत आला आणि बसला! खोटं नाही ते. वर्षानुवर्षं घोटून घोटून डाव अंगात इतका मुरतो की त्याच्या पायऱ्या त्यालाच दिसत नाहीत. पण समोरच्या आठवीतल्या पोराला त्या पायऱ्याच हव्या असतात.

आता इतिहासात जाऊ. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. लाल मातीतला हा गडी मॅटला सरावलेला नव्हता. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना मॅटवर तयार केलं आणि ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. लक्षात घ्या, गार्डनरनं त्यांना कुस्ती शिकवली नाही, कुस्ती त्यांना येतच होती. त्यानं शिकवलं ते एवढंच की तुझी कुस्ती या नव्या जमिनीवर कशी खेळायची.

चार वर्षांनी हेलसिंकी. पैशासाठी पुन्हा वणवण. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या स्पर्धेची अजून एक गोष्ट सांगितली जाते. एक दमवणारी कुस्ती झाल्या झाल्या त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं. मधे अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला मॅटशेजारी आपला एकही माणूस नव्हता.

मला ही गोष्ट पदकाइतकीच महत्त्वाची वाटते. त्या क्षणी खाशाबांना कुणा महान पैलवानाची गरज नव्हती. गरज होती नियम माहीत असलेल्या, पोराच्या श्वासाकडे लक्ष असलेल्या एका माणसाची. तो माणूस स्वतः कधी कुठं जिंकला होता का, हे कुणी विचारलंही नसतं.

इथं काका म्हणतील, मग मोतीबागेचं काय? बरोबर आहे काका, आता तिकडंच चाललोय.

गणपतराव आंदळकर. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाईत सुवर्ण आणि रौप्य, १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक आणि अर्जुन पुरस्कार. यापेक्षा मोठं काय असतं? आणि हाच माणूस पुढं कित्येक वर्षं मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राबला. त्यांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले. १९७० आणि ७१, लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, मग रुस्तुम-ए-हिंद, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. पुढं दादू मामा स्वतः वस्ताद झाले आणि त्यांचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला. म्हणजे मोठ्या पैलवानाला शिकवता येत नाही, हा नियम कोल्हापुरात तरी टिकत नाही.

मग फरक कशात आहे? मला तो एका जोडीत सापडला.

हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल. बिराजदार लातूरकडचे, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेले. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णविजेते. सतपाल दिल्लीचे, गुरू हनुमानांचे पठ्ठे, १९८२ च्या आशियाईचे सुवर्णविजेते. बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात सतपालना हरवलं, ती कुस्ती आपल्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. पुढं दोघंही वस्ताद झाले. सतपाल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये, बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. सतपालच्या सुशील कुमारनं २००८ मध्ये बीजिंगला कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर कुस्तीतलं दुसरं ऑलिंपिक पदक यायला आपल्याला ५६ वर्षं लागली. बिराजदारांचा राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुल विजेता झाला. तोपर्यंत गुरू जाऊन सहा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. राहुलनं ते सुवर्ण त्यांनाच अर्पण केलं.

या दोघांत सारखं काय? दोघांचीही जवानी गाजली ती मातीतल्या मोठ्या मैदानांवर. तिथली कुस्ती निकालाची. समोरच्याला चीत करेपर्यंत झुंजायचं, घाई नाही, त्याला दमवायचं आणि योग्य वेळी डाव टाकायचा. मॅटवर तीन मिनिटांचे दोन राउंड. नुसता थांबून राहिलात तर पॉइंट जातो. म्हणजे मातीत ज्याला संयम म्हणतात, त्याला मॅटवर पंच निष्क्रियता म्हणतो! ज्या गुणामुळं तुम्ही मोठे झालात, तोच गुण पोराचा तोटा करू शकतो. मोठ्या पैलवानासमोरची खरी परीक्षा ही आहे. त्याला टाळ्या मिळाल्या त्या एका खेळासाठी, आणि पोरगं खेळणार दुसराच. सतपाल आणि बिराजदार पोराला आपल्या जुन्या फडात घेऊन गेले नाहीत, स्वतः पोराच्या मॅटवर आले.

आता उलट बाजू. रमाकांत आचरेकर सर फर्स्ट क्लास क्रिकेटचा फक्त एक सामना खेळले. तेंडुलकर त्यांनी घडवला. गोल्फमध्ये टायगर वुड्स ऐन भरात असताना त्याचा स्विंग बघायला बुच हार्मन होता. हार्मन स्वतः खेळाडू म्हणून पीजीए टूरवर फारसा चमकला नव्हता. या माणसांकडं दाखवायला स्वतःचा पराक्रम फारसा नव्हता, म्हणून नजर समोरच्यावरच राहिली.

आणि आपल्या जिल्ह्यातलं ताजं उदाहरण. राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या कोच दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ ला अथेन्सला खेळल्या, पदक नाही मिळालं. ऑलिंपिकच्या रेंजवर छाती कशी धडधडते ते त्यांना माहीत होतं. खेळाडू म्हणून मोठं असण्याचा हा फायदा मी मान्य करतो. पोरगं घाबरलं की त्याला ‘घाबरू नको’ म्हणणारे खूप भेटतात. ‘मीपण घाबरले होते’ म्हणणारी व्यक्ती तिथं जाऊन आलेलीच असावी लागते.

तर मावशीला काय सांगितलं? सांगितलं, नाव आणि फोटो बघून ठरवू नका. दोन्ही ठिकाणी पहाटे पाचला जा आणि आठवडाभर कोपऱ्यात बसा. एकच बघा, शिकवणारा कुणाकडं बघतोय. पोरगं चुकलं की ‘आमच्या वेळी’ म्हणून स्वतःची कुस्ती सांगत बसतो, की त्या पोराचा पाय कुठं पडला ते सांगतो? उंच पोराला आणि बुटक्या पोराला एकच डाव घोटायला लावतो, की वेगळा? आणि हरलेल्या पोराशी तो पहिलं वाक्य काय बोलतो?

काका आणि मावशी दोघंही गेले. सहाव्या दिवशी काकांचाच फोन आला. म्हणाले, "तो बिननावाचा कोच बरा आहे रे. पोरगं चीत झालं तर हा आधी खाली बसला, त्याच्या शेजारी." मग जरा थांबून म्हणाले, "पण आमचे वस्तादही असेच बसायचे हं."

बसणारच की काका. म्हणून तर ते वस्ताद होते.

तुमच्या गावात, तालमीत, मैदानावर असा कुणी शिकवणारा असेल तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर जोर-बैठका चालू ठेवा!